परक्या धक्क्याला बांधलेली होडी

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं वाचताना कुणाला वाटायचं की शिडाची होडी घेऊन समुद्रावर गेलेली बाई म्हणजे मोठी धीराची असणार. तसलं काही नाही. तीस वर्षं सोयगावच्या शाळेत भूगोल शिकवला, महासागर आणि सामुद्रधुन्या पोरांकडून तोंडपाठ करून घेतल्या, पण माहेरच्या विहिरीत कधी वाकून पाहिलं नाही.

धीर आहे तो आमच्या ह्यांना. चिकलठाण्याच्या कारखान्यात आयुष्य घालवलं, आणि रिटायर झाल्यावर बाकीची माणसं फिरायला जातात, देवळात बसतात, तसं न करता ह्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत होडी बांधायला घेतली. अठरा फुटांची, प्लायवूडची, वरून फायबर, आत दोन माणसं आडवी होतील एवढी खोली. शेजारचे विचारायचे, पाण्याची टाकी करताय का? दोन वर्षांनी ती टाकी ट्रकवर चढवून आम्ही पैठणला नेली आणि नाथसागरात सोडली. तिचं नाव टिटवी.

नाथसागरावर आम्ही तीन हिवाळे होडी चालवली. सुकाणूवर हे, शिडाच्या दोरावर मी. माझ्या हातात सुकाणू फार तर पाच मिनिटं यायचं, तेही वारा पडलेला असताना आणि ह्यांना चहा प्यायचा असताना. पण हे चार लोकांत सांगायचे, "आमची बाई एकटी होडी काढते." मी कधी खोडून काढलं नाही. नवऱ्याच्या तोंडून कौतुक ऐकायला मिळत असेल तर कोण खोडून काढतं? तिथंच माझं चुकलं.

निघताना

यंदा पाऊस सरल्यावर ह्यांच्या डोक्यात कोकण किनारा शिरला. दाभोळला होडी पाण्यात टाकायची आणि पाच-सहा दिवसांत किनाऱ्या-किनाऱ्यानं तळकोकणात उतरायचं. मुक्कामाला म्हणे नौकाक्लब. शिडाच्या होड्या बाळगणाऱ्या लोकांचे हे क्लब असतात. त्यांचा स्वतःचा धक्का असतो, आंघोळीची सोय असते, जेवण मिळतं. आणि त्यांच्यात एक चांगली रीत आहे. परगावचा होडीवाला आपल्या गावच्या क्लबचं पत्र घेऊन आला, की त्याला पाहुणा मानायचं आणि दोन रात्री ठेवून घ्यायचं.

आता आमच्या संभाजीनगरला समुद्र नाही तर क्लब कुठला? ह्यांनी तो काढला. औरंगपुऱ्यातल्या छापखान्यात लेटरहेड छापून घेतलं, वर शिडाचं चित्र, खाली आमच्याच घरचा फोन नंबर. अध्यक्ष हे, सचिव मी, आणि तिसरा सभासद नाही. मी म्हटलं, अहो, हा खोटेपणा आहे. हे म्हणाले, दोन माणसं जमली तर त्याला क्लब म्हणायला कोणाची हरकत आहे? मी सचिव म्हणून सही केली आणि ते पत्र पिशवीच्या तळाशी घातलं.

घर राखायला पिशोरहून थोरल्या जाऊबाई आल्या. त्यांना फक्त एवढंच सांगितलं की आम्ही पाण्यावर चाललोय. त्यांनी भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि माझ्याकडं असं पाहिलं की मला परत घरात जाऊन बसावं वाटलं.

पहिले तीन दिवस

समुद्र पहिल्यांदा पायाखाली आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. धरणाचं पाणी वाऱ्यानं हलतं आणि वारा थांबला की थांबतं. हे पाणी वारा नसतानाही खालून वर येत होतं. त्याला काय पाहिजे ते कळत नव्हतं. मी शिडाचा दोर धरून बसले होते आणि मनात देशातल्या नद्या उगमापासून म्हणत होते. भीती वाटली की मी नद्या म्हणते. पहिल्या दिवशी माझ्या नद्या दोनदा संपल्या.

पण पहिल्या क्लबनं आमचे इतके लाड केले की मी माझ्या भीतीला शिव्या घातल्या. आम्ही खाडीत शिरतोय तोच एक छोटी होडी समोर आली, त्यांच्याच माणसानं आमचा दोर घेतला आणि पाण्यात नांगरून ठेवलेल्या मोठ्या पिंपाला टिटवी बांधून दिली. पत्र कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. कढत पाण्यानं आंघोळ, मग जेवण. आम्ही मासे खात नाही म्हटल्यावर तिथल्या वहिनींना जरा वाईट वाटलं, पण त्यांनी फणसाच्या आठळ्यांची भाजी आणि सोलकढी वाढली. मी आमची शेंगदाण्याची चटणी दिली. ती त्यांनी मिटक्या मारत खाल्ली आणि वर नाकाडोळ्यांतून पाणी काढत हसल्या. आमच्याकडं पाहुणा आला की आधी पाणी, मग कुठल्या गावचे, मग कोणाचे पाहुणे, असं विचारत विचारत शेवटी काहीतरी नातं निघतंच. इथं नातं निघणार नव्हतं, तरी त्यांनी तितक्याच मायेनं विचारलं. निघताना म्हातारे अध्यक्ष म्हणाले, पुढचा क्लब कडक आहे, पत्र हाताशी ठेवा.

तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी बिघडल्या. वारा नसेल तेव्हासाठी मागं लावलेल्या छोट्या इंजिनाच्या पंख्यात कोणाचं तरी तुटलेलं जाळं अडकलं आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच. आणि संध्याकाळी जयगडच्या खाडीत नांगर टाकला तेव्हा ह्यांना थंडी वाजायला लागली. अंगात कणकण, मग ताप. मी घरी फोन करून जाऊबाईंना सांगितलं. परत फिरू म्हटलं तर हे म्हणाले, पुढचा क्लब जवळ आहे, वारा मागून आहे, उद्या दुपारपर्यंत पोचू.

चौथा दिवस

त्या क्लबचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना वाटेल मी गाऱ्हाणं करतेय, आणि गाऱ्हाणं करण्याचा हक्क मला राहिलेला नाही.

कोजागरीचा दिवस होता. सकाळी मासेमारांना फोनवर सूचना आल्या होत्या की उद्यापासून वारा चढणार, समुद्रात जाऊ नका. वाटेत भेटलेल्या ट्रॉलरवाल्यांनी ओरडून तेच सांगितलं. ह्यांचे डोळे तापानं लाल झाले होते आणि सुकाणूवरचा हात मधेच सैल पडत होता. मी सारखी त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. हा माणूस आत्ता पडला तर माझं काय होईल, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. त्यांचं काय होईल हा विचार नंतर आला. लाज वाटते, पण तसंच होतं.

साडेबाराला खाडीच्या तोंडाशी पोचलो. उंच दगडी धक्का, पाणी त्याच्या काठाला टेकलेलं. दोर घ्यायला कोणी आलं नाही. मीच उडी मारली, गुडघा फोडून घेतला आणि होडी बांधली. आम्ही नाथसागरावर बांधतो तशीच बांधली, पुढं दोन, मागं दोन, आखूड आणि आवळून. दोर सैल राहिला तर वाऱ्यानं होडी दगडावर आपटते, हे ह्यांनी मला शिकवलं होतं. बांधून झाल्यावर मला माझाच अभिमान वाटला. हे आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले आणि मी खोलीच्या तोंडाला फळी लावून घेतली, ऊन लागू नये म्हणून.

पत्र घेऊन मी ऑफिसात गेले. सेक्रेटरी जेवायला घरी गेले होते, वामकुक्षी करून चारलाच यायचे. शिपायानं बाकावर बसवलं. समोर भिंतीवर पाहुण्या होडीवाल्यांसाठीचे नियम काचेत लावलेले होते. मी ते चार वेळा वाचले. प्रत्येक वेळी माझी नजर एकाच ओळीवर अडकायची: मान्यताप्राप्त क्लबचं पत्र नसल्यास धक्का त्वरित मोकळा करावा. त्वरित म्हणजे आज. म्हणजे पुढचा आसरा समुद्रात घुसलेल्या कातळी सड्याच्या कड्याला वळसा घालून, अर्ध्या दिवसावर. इंजिन बंद, नवरा तापात, वारा चढणार, आणि सुकाणूवर मी. मला एकटीला होडी नेता येत नाही, हे जगात फक्त मला माहीत होतं.

चार वाजून गेल्यावर सेक्रेटरी आले. सत्तरीचे, पांढरी पँट, पांढरा शर्ट, बोलणं मऊ. मऊ बोलणाऱ्या माणसांची मला जास्त भीती वाटते. त्यांनी पत्र वाचलं, कपाटातून एक जाडजूड यादी काढली, बोट फिरवत फिरवत शेवटपर्यंत गेले आणि म्हणाले की संभाजीनगरचा क्लब यात दिसत नाही. मी म्हटलं, नवा आहे. ते म्हणाले, हरकत नाही, विचारून घेऊ. आणि माझ्यासमोर त्यांनी लेटरहेडवरचा नंबर फिरवला.

फोन जाऊबाईंनी उचलला. जाऊबाईंना ऐकायला कमी येतं, म्हणून त्या फोनवर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"क्लब? नाय बा. हितं कसला क्लब? हितं आमचे भावजी ऱ्हात्यात. ते दोघं पान्यावर गेल्यात. तुमी कोन बोलताव? तुमच्याकडं पोचले का ते? भावजींना लई ताप हाय, त्यांना जेवाय घातलं का कायतरी?"

सेक्रेटरींनी फोन कानापासून जरा लांब धरला होता. त्यांनी सावकाश सांगितलं की पोचले आहेत. मग जाऊबाई आणखी काहीबाही बोलत राहिल्या, पेज द्या, डोक्यावर गार पट्टी ठेवा, आणि आमच्या बाईला रागावू नका, ती लई भित्री हाय. फोन ठेवल्यावर ते यादीकडं बघत बसले. मी खाली फरशीकडं बघत होते. वर्गात कॉपी करताना पकडलेली पोरं माझ्यासमोर अशीच उभी राहायची.

तेवढ्यात दारातून एक म्हातारा धापा टाकत आला. क्लबचा तांडेल, म्हणजे होड्यांवर देखरेख करणारा माणूस. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बाये, होडी टांगली मरे! आत कोण असा काय?"

मला आधी कळलंच नाही. होडी कशी टांगली जाईल? मग कळलं, आणि कळलं तेव्हा मी ओरडले की नाही ते आठवत नाही. मी पळत सुटले.

भरती-ओहोटी. तीस वर्षं. फळ्यावर सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत काढायचे आणि पोरांना सांगायचं, पौर्णिमेला आणि अमावास्येला पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. आणि त्याच बाईनं पौर्णिमेच्या दुपारी, भर भरतीत, धरणावर बांधतात तशी होडी आवळून बांधली होती. धरणाचं पाणी आठवडाभरात वीतभर उतरतं. इथं चार तासांत ते पुरुषभर खाली गेलं होतं, आणि टिटवी दगडी भिंतीला चार दोरांवर लटकली होती. धक्क्याकडची बाजू वर, समुद्राकडची खाली, इतकी खाली की पाणी काठाला लागत होतं. फळी लावलेली. आतून ह्यांचा आवाज नाही.

मी नाव घेऊन हाका मारल्या. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मीही कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं, आणि आतून धडपडल्याचा आवाज आला. ते जिवंत होते, पण होडी मुरगळल्यामुळं फळी अडकून बसली होती आणि त्यांना उघडता येत नव्हती.

मी गाठी सोडायला वाकले. ताणानं त्या दगडासारख्या झाल्या होत्या. तांडेलानं माझा हात धरून मागं ओढलं. एक दोर सोडला तर होडी उरलेल्या तीन दोरांवर उलटेल, असं तो म्हणाला. त्यानं आधी दोन लांब दोर आणले, होडीला लावले, आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला त्यांचे तीन तीन वेढे दिले. एका दोरावर मला बसवलं. दुसऱ्या दोरावर कोण, म्हणून मी बघितलं तर सेक्रेटरी. पांढरी पँट शेवाळात टेकवून बसलेले, बाह्या वर केलेल्या. "मी सांगतलंय तेवढोच सोडा," तांडेल म्हणाला, आणि त्यानं कोयत्यानं पहिला घट्ट दोर कापला.

होडीनं असा हिसका दिला की माझ्या तळहातांची सालं निघाली. मी दोर सोडला नाही. त्यात माझं शौर्य काही नाही, बोटं उघडतच नव्हती. तो म्हणायचा सोडा, की आम्ही वीतभर सोडायचो. दुसरा दोर कापला, तिसरा, चौथा. माझ्या नद्या गंगेपाशीच अडकल्या होत्या, पुढची एकही आठवेना. शेवटी टिटवी हळूहळू खाली गेली आणि चिखलावर टेकून सरळ झाली. तांडेल शिडीनं उतरला, लाथ मारून फळी फोडली. हे बाहेर आले ते घामानं निथळत, कपाळाला टेंगूळ, पण पायावर. मी धक्क्यावर बसून मोठ्यानं रडले. लोक जमले होते, तरी रडले.

सेक्रेटरींनी मला आधी रडू दिलं. मग वाकून खाली ह्यांना विचारलं, बरं वाटतंय का? आणि नंतर, मऊ आवाजात: पुढं निघायचं झालं तर होडी कोण नेणार?

"ही नेईल की," हे खालून म्हणाले. "पटाईत आहे ती. एकटी होडी काढते."

सेक्रेटरींनी माझ्याकडं पाहिलं. ह्यांना खालून मी दिसत नव्हते. मी मान हलवली. नाही. मला येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी ते कोणाला तरी सांगितलं, तेही एका परक्या माणसाला, तोंडानं न बोलता.

ते उठले. पँटवरचं शेवाळ झटकून बघितलं, ते काही निघेना. मग खाली बघून ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "ओहोटीत टेकलेली होडी हलवायची नाही, असा आमच्या क्लबचा नियम आहे. आज तुम्हाला निघता येणार नाही."

तो नियम त्या काचेत नव्हता. मी चार वेळा वाचलं होतं.

पाचवा दिवस

रात्री डॉक्टर येऊन गेले. स्वयंपाकघरातून पेज आली, आणि तांडेलाच्या बायकोनं कोजागरीचं दूध पाठवलं, जायफळ घातलेलं. यादीबद्दल कोणी काही बोललं नाही. पाहुण्यांच्या खोलीत ह्यांना गाढ झोप लागली. मी जागी होते आणि वाऱ्याचा आवाज चढताना ऐकत होते.

सकाळी ताप उतरला. हे उठून व्हरांड्यात आले आणि मी चहा दिला. समोर खाडीचं तोंड होतं, जिथून आम्ही आलो होतो. तिथं पाणी उरलेलंच नव्हतं, नुसता पांढरा फेस होता. लाट कड्यावर आपटायची आणि तिचं पाणी वरच्या झाडांपर्यंत जायचं. मोठाले ट्रॉलरसुद्धा खाडीत आत खोल येऊन एकमेकांना बांधून उभे होते. तांडेल प्रत्येक होडीचे दोर बघत फिरत होता. टिटवीपाशी तो सगळ्यात जास्त वेळ थांबला.

ह्यांनी कप कठड्यावर ठेवला तो ठेवलाच. चहा गार झाला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "काल त्यांनी निघा म्हटलं असतं, तर तू नेली असतीस ना?"

"नाही," मी म्हटलं. "मला येत नाही. कधीच येत नव्हतं."

मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. माझे पट्ट्या बांधलेले हात त्यांनी बघितले, परत समुद्राकडं बघितलं.

"मग काल दुपारभर मी कोणाच्या भरवशावर झोपलो होतो?"

टिटवी परत घरी न्यायला मी ट्रकवाल्याचा नंबर लावायला घेतला, पण पट्ट्या बांधलेल्या हातांनी तो दोनदा चुकला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः लावला.